‘कॅज्युअल्टी’चा खरा सीझन पहिलाच (१९८६). पटतंय का?

रातपाळी
बीबीसीची ‘कॅज्युअल्टी’ ही मालिका ६ सप्टेंबर १९८६ ला सुरू झाली. होल्बी या काल्पनिक शहरातल्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग, एवढाच तिचा विषय. मी अकरा वर्षं वेल्समध्ये अशाच विभागात नर्स आहे, त्याआधी मुंबईत होते. इथे आता कुणी ‘कॅज्युअल्टी’ म्हणत नाही, ‘ए अँड ई’ (ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी) म्हणतात. आपल्याकडे मात्र तोच शब्द अजून चालतो, त्यामुळे मालिकेचं नाव ऐकलं की मला केसपेपरची खिडकी आणि ट्रॉली ओढणारे मामा आठवतात.

गेल्या हिवाळ्यात पहिला सीझन, पंधराच्या पंधरा भाग, सलग पाहिला. तेव्हापासून एक मत घट्ट झालंय. पुढच्या सीझनांत अपघात मोठे होत गेले आणि रुग्णालय लहान होत गेलं.

पहिल्या सीझनमध्ये खरा पेशंट म्हणजे ती रातपाळीच. पैशांअभावी ती बंद होणार की राहणार, ही टांगती तलवार सतत आहे, आणि शेवटच्या भागाचं नावच ‘क्लोजर’, म्हणजे बंद होणं. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अन्विन या दोघांनी ही मालिका रचली. ब्रिस्टलच्या रुग्णालयात त्यांना पीटर सॉल्ट हे नर्स भेटले आणि त्यांच्यावरून चार्ली फेअरहेड हे पात्र उभं राहिलं. बीबीसीला दिलेल्या टिपणात या दोघांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं की १९४८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचं स्वप्न जन्माला आलं आणि १९८५ मध्ये त्याच्या चिंध्या झाल्यात. एवढं स्पष्ट बोलून कामाला लागलेली माणसं होती ती.

आणि नायक कोण, तर नर्स! तोही पुरुष नर्स, ज्याला आपण ब्रदर म्हणतो. आपल्या मालिकांत नर्स सलाइनची बाटली बदलून दाराबाहेर जाते. इथे रात्र तिच्या आणि ब्रदरच्या खांद्यावर आहे.

परवाच्या पाळीत कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर एक आजी होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बेडपॅन हवा होता आणि तिथे पडदा नव्हता. मी आणि एक सहकारी चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहिलो, दोघींनी तोंडं भिंतीकडे वळवली. झाल्यावर आजी म्हणाल्या, “सॉरी गं, तुम्हाला उगाच त्रास.” माफी त्यांनी मागितली. ही गोष्ट सांगायची हिंमत पहिल्या सीझनमध्ये होती. नंतर याच जागी हेलिकॉप्टर कोसळायला लागली.

जुना_रेसिडेंट
ताई, आजींचा प्रसंग वाचून गलबललो. पण सीझनबद्दल ठाम असहमत.

पहिला सीझन म्हणजे नाटकाच्या वेशातला अग्रलेख आहे. तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाला तो झोंबला, कारण तो झोंबावा म्हणूनच लिहिला होता. त्यातला प्रशासक बघा. त्याचं काम एकच, नाही म्हणणं. १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानंतर आरोग्य सेवेत व्यवस्थापक आले. हे रॉय ग्रिफिथ्स सेन्सबरी या किराणा साखळीतले, त्यामुळे ‘दुकानदार आता रुग्णालय चालवणार’ असा राग तेव्हा होता. राग समजतो. पण मी दहा वर्षं क्लिनिकल काम करून पुढे सहा वर्षं प्रशासनात घालवली. एका वॉर्डाला दोन नर्स द्यायच्या तर दुसऱ्या वॉर्डाच्या काढाव्या लागतात, हे रात्री दोन वाजता ठरवणाऱ्यालाही झोप लागत नाही. त्या माणसाला पहिल्या सीझनने कधी आतून पाहिलं नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याला नाटकात सर्वात चांगली वाक्यं द्यावीत, असं मी मानतो.

शनिवारची_संध्याकाळ
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. रातपाळी, तुम्ही म्हणता पुढे रुग्णालय लहान झालं. मी म्हणते, माणसं मोठी झाली.

मालिकेतली नर्स डफी घ्या. कॅथरीन शिप्टनने ती पहिल्या सीझनपासून केली. मध्ये जायची, परत यायची. पुढे चार्ली आणि डफीचं लग्न झालं आणि मग डफीला डिमेन्शिया. जिने आयुष्यभर औषधांच्या वेळा पाळल्या तिलाच आपण कुठे आहोत ते आठवेना, आणि २०२० मध्ये ती गेली. माझ्या बाबांना तेव्हा हाच आजार होता. ते मला ‘ताई’ म्हणायला लागले होते, त्यांच्या बहिणीला म्हणायचे तसं. डफीचे भाग आई आणि मी एका सोफ्यावर बसून पाहिले. आईला इंग्रजी फारसं येत नाही. पण चार्लीचा चेहरा बघून ती म्हणाली, “याला पण कळलंय, आता ती परत येणार नाही.”

हे पंधरा भागांत होत नाही. त्यासाठी चौतीस वर्षं तोच चेहरा दर शनिवारी घरात यावा लागतो. डेरेक थॉम्प्सनने चार्ली १९८६ ते मार्च २०२४ केला. धोरणावरची भाषणं दहा वर्षांत शिळी होतात हो.

आणि मालिकेत शिडीवर कुणी चढलं की ‘हा पडणार’ म्हणून ओळखायचा खेळ आमच्या घरी सगळे खेळायचे. त्यात काय वाईट? त्या निमित्ताने भाजल्यावर आधी गार पाण्याखाली धरायचं, हे आमच्या मुलांना पाठ झालं.

रातपाळी
@शनिवारची_संध्याकाळ, बाबांचं वाचलं. डफीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. माझा राग तिच्यावर नाहीच, तो दर दोन वर्षांनी येणाऱ्या स्फोट, आग आणि गोळीबारावर आहे. सातव्या सीझनच्या शेवटी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, दंगलखोरांनी विभागच पेटवून दिला. केवढ्या तक्रारी आल्या तेव्हा! पण आग विझते, विभाग पुन्हा बांधून होतो. पाळीला दोन नर्स कमी आहेत ही गोष्ट विझत नाही, म्हणून ती पडद्यावर दाखवायला अवघड.

@जुना_रेसिडेंट, प्रशासकाचं म्हणणं अर्धं मान्य. पण सर, तुम्ही रात्री दोन वाजता जागे असायचात. आमच्याकडचा निर्णय दुपारच्या बैठकीत होतो आणि रात्री दोनला फोन उचलायला कुणी नसतं.

कृष्णाकाठ
दोन्ही बाजू वाचल्या. कुणी हे कसं विचारलं नाही की त्या पहिल्या सीझनमध्ये आपण कुठे आहोत?

मुख्य पात्रं दहा. त्यांत कॅरिबियन वंशाचा नर्स क्लाइव्ह किंग आहे, पोलिश वंशाचा हमाल कुबा आहे, ही चांगलीच गोष्ट. भारतीय डॉक्टर एकही नाही. १९८६ साली! माझे काका १९७४ मध्ये मिरजेहून निघाले ते दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींच्या गावात पोहोचले. सर्जन व्हायचं होतं. मिळाला वृद्धरुग्णांचा विभाग, कारण तिथे इथल्या तरुण डॉक्टरांना जायचं नसे. असे शेकडो होते. वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, खाणगावांतले दवाखाने या डॉक्टरांच्याच जिवावर चालले. काकांच्या दवाखान्यात पेशंट त्यांना ‘डॉक्टर बॉम्बे’ म्हणायचे, कारण कुलकर्णी म्हणता येत नसे. तीस वर्षं त्यांनी त्याच नावाला ओ दिली.

दुसऱ्या सीझनला किरण जोगिल ही नर्स आली. राश मसूमसारखा बांगलादेशी घरातला तरुण डॉक्टर, ज्याचं घर आणि बापही कथेत येतो, तो २०१७ मध्ये. एवढी वर्षं लागली. मग ज्या सीझनला तुम्ही ‘खरा’ म्हणता तो कुणासाठी खरा?

जुना_रेसिडेंट
+१. मी स्वतः प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांना इथे काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, देऊन आलो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे तज्ज्ञ होण्याआधीच्या डॉक्टरच्या, पदासाठी पंचेचाळीस अर्ज केले होते.

रातपाळी
कृष्णाकाठ, हे लागलं. आणि खरं आहे. मी पंधरा भाग पाहिले आणि मला ते दिसलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय. माझ्या पाळीला आज केरळच्या तिघी आहेत, एक फिलिपिनो, एक नायजेरियन आणि मी.

तरी मत बदलत नाही, ‘खरा’ हा शब्द मात्र जपून वापरेन. पहिल्या सीझनने प्रश्न बरोबर विचारला, विचारताना खोलीतली अर्धी माणसं मोजली नाहीत.

पहाटवारा
उशिरा येतोय. पहिल्या सीझनचा आत्मा नंतर कधीच दिसला नाही, हे मला पटत नाही. जानेवारी २०२१ चा कोविडचा भाग पाहा. मास्कच्या वर फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांतून दमणूक. किंवा २०२२ मधला ‘वेलकम टू द वॉरझोन’, ज्यात ॲम्ब्युलन्सवाल्यांचे संवाद नटांनी ऐन वेळी आपल्या मनाने बोलले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या नर्स संपावर गेल्या. मालिका त्या वेळी रस्त्यावर होती, झोपलेली नव्हती. २०१७ चा एकाच शॉटमध्ये घेतलेला भाग तर मी तीनदा पाहिलाय. कॅमेरा थांबत नाही म्हणून कुणालाच बसता येत नाही, आणि पाळी तशीच असते.

रातपाळी
वॉरझोन पाहिलाय, मान्य. तो पहिल्या सीझनच्या घरातलाच. पण शेकडो भागांत असे किती, सांगा. पहिल्यात पंधरांपैकी पंधरा होते.

शनिवारची_संध्याकाळ
रातपाळी, एक विचारायचं राहिलं. त्या आजींचं पुढे काय झालं?

रातपाळी
पहाटे साडेसहाला बेड मिळाला. लिफ्टपर्यंत मीच ट्रॉली नेली, कारण हमाल दुसऱ्या मजल्यावर अडकला होता. चादर त्यांनी सोडली नाही, अंगाभोवती गुंडाळून वर घेऊन गेल्या.