मदत हवी आहे: केगमधला कोकम सोडा परवापर्यंत गॅस धरेल का?
नमस्कार मंडळी, मालवणात घरी १९ लिटरच्या केगमध्ये (दाबाखाली पेय ठेवायची नळाची टाकी) कोकम सोडा करतोय, परवा बहिणीची हळद आहे आणि गॅस काही धरत नाहीये. काल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ३० पीएसआय दाबावर लावून केग मांडीवर आडवा घेतला नि दहा मिनिटं हलवला, नळ उघडला तर ग्लासभर गुलाबी फेस, खाली सपक सरबत. दुपारभर लाईट नव्हती म्हणून केग कोमट होता, गॅस गारातच नीट विरघळतो, तिथेच चुकलं बहुतेक. आता फ्रीजमध्ये ३-४ डिग्रीला ठेवलाय. ३० पीएसआयवर २४ तास न हलवता ठेवून मग १२ वर आणू की गार झाल्यावर परत हलवू? घरी बिअर करणाऱ्यांनी प्लीज आजच सांगा, आईने बरणीत साखर घालून उन्हात मुरवलेलं कोकम आहे, फुकट नाही घालवायचंय.