‘काही नाही करत तो’: मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांचे तुमचे अनुभव लिहा

माझे बाबा ७१ वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे साडेपाचला ठाण्यातल्या उपवन तलावावर जायचे. दोन फेऱ्या, मग बाकावर ओळखीच्या मंडळींशी गप्पा, येताना दूध. नोव्हेंबरातल्या एका सकाळी समोरून एक दांडगा लॅब्रॅडोर धावत आला. गळ्यात पट्टा होता, साखळी मात्र मालकाच्या खांद्यावर. कुत्र्याने उडी मारून पुढचे दोन्ही पाय बाबांच्या छातीवर टेकवले आणि बाबा मागच्या मागे कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. मालक वीस पावलांवरून ओरडत होता, “काका, घाबरू नका, काही नाही करत तो.”

चावा नाही, साधा ओरखडाही नाही. त्यामुळे हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ‘चालताना पडले’ एवढंच लिहिलंय. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. मालक रिक्षा यायच्या आत निघून गेला होता. बाबा आता दाराबाहेर पडायला तयार नाहीत. डॉक्टर सांगतात चाला, आणि ते म्हणतात, खाली कोणाचा कुत्रा सुटलेला असला तर?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न इथे नको. त्यांना मालक नाही, त्यांची नसबंदी आणि लसीकरण हे पालिकेचं काम आहे आणि त्यावर सगळीकडे बोललं जातं. ज्यांना घर आहे, नाव आहे, ज्यांची साखळी कोणाच्या तरी हातात असायला हवी होती, अशा कुत्र्यांबद्दल लिहा. ठाणे, नवी मुंबई, कुठलाही अनुभव चालेल. माणसांची आणि सोसायट्यांची नावं टाकू नका. कुत्री पाळणाऱ्यांनीही नक्की लिहा. आणि कुत्र्यांना शिव्या नकोत, कळकळीने सांगते.

नेरूळ, सहावीतल्या मुलाची आई

ताई, तुमच्या बाबांचं वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा आमच्या सेक्टरच्या उद्यानात पकडापकडी खेळत होता. एक काळा जर्मन शेफर्ड मोकळा होता, मुलं पळायला लागली की तोही मागे पळायचा. माझा मुलगा घाबरून आणखी जोरात पळाला. पोटरीला दात लागले. मोठी जखम नव्हती, पण रक्त आलं.

शेफर्डच्या मालकीणबाई आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “सगळी इंजेक्शनं झालीत हो त्याची.” मी लसीकरणाचं कार्ड मागितलं. घरी आहे, पाठवते म्हणाल्या. आजतागायत आलेलं नाही.

पुढचं सविस्तर लिहिते, कारण मलाही त्या दिवशी माहीत नव्हतं. सासूबाईंनी हळद आणली होती. सुदैवाने शेजारच्या नर्सताईंनी अडवलं. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं फार मोठी असतात, पोरगं रडत असताना तर संपतच नाहीत. पण त्यानेच रेबीजचे बरेचसे विषाणू निघून जातात. मग दवाखाना. कातडी फाटून रक्त आलं की ती तिसरी कॅटेगरी, म्हणजे दंडावरची लस पुरत नाही, जखमेच्या आत आणि भोवती सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. त्याचा त्या वेळचा आवाज मी विसरणार नाही. लसीचे डोस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनं आता देत नाहीत, घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा, त्या भीतीने लोक दवाखाना टाळतात.

सातव्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता. पेपर देऊन गणवेशातच रांगेत उभा राहिला.

पामबीच रोडवरचा सायकलवाला

माझं थोडक्यात. रविवारी पहाटे, सीवूड्सच्या सिग्नलपुढे, एक बीगल गाडीच्या उघड्या दारातून उडी मारून थेट माझ्या चाकाखाली आला. मी उडालो, हेल्मेट फुटलं, कॉलरबोन गेलं. कुत्र्याचा पाय मोडला. मालकीण रस्त्यात बसून रडत होती आणि मी तिला काही बोलू शकलो नाही. आम्ही तिघेही पडलेलोच होतो.

खारघर, एका इंडीची पालक

मी कुत्रीवाली आहे आणि या धाग्याची मी कधीची वाट बघत होते.

माझी कुत्री साधी गावठी आहे. पिल्लू असताना गाडीखाली आली होती, तेव्हापासून मोठ्या कुत्र्यांना घाबरते. मी तिला कायम पट्ट्यावर ठेवते, गर्दीच्या वेळा टाळते, पहाटे पाचला नाहीतर रात्री अकराला काढते. सेंट्रल पार्कच्या बाजूच्या रस्त्यावर एक रॉटवायलर मोकळा फिरतो. मालक लांबून हाक मारतो, “ताई, फ्रेंडली आहे, खेळायला येतोय!” अहो, तुमचा फ्रेंडली असेल, माझी नाही ना! मी चार वेळा ओरडून सांगितलं, बांधा त्याला. तो तिच्या अंगावर आला. ती पट्ट्यावर होती, तिला पळताच येईना. पळता न येणारं जनावर काय करणार? ती चावली. मग त्याने तिचा कान फाडला. सात टाके तिला, दोन मला, मधे हात घातला म्हणून.

आणि सोसायटीत बातमी काय पसरली? माझी कुत्री चावरी आहे.

कुत्र्याला पट्टा म्हणजे शिक्षा, असं कुत्रीप्रेमींच्या ग्रुपमध्ये लोक मला ऐकवतात. ती घाबरली की माझ्या पायाला चिकटते, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी आहे हे तिला ठाऊक असतं. त्या एका घटनेनंतर चार महिने ती गेटच्या बाहेर शू करायलाही आली नाही.

ऐरोली, पोळ्यांची कामं करणाऱ्या बाईंची मुलगी

माझी आई सांगते, मी लिहितेय.

आई चार घरी पोळ्या करते. एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर जाताना नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, एक साहेब कुत्रा घेऊन आत आले. पट्टा खिशात. आई कोपऱ्यात सरकली आणि म्हणाली, साहेब, जरा बांधता का. ते म्हणाले, “तू घाबरतेस म्हणून तो भुंकतो. घाबरू नकोस.” लिफ्टमध्ये माणूस जाणार कुठे? कुत्र्याने आईच्या हातातल्या पिशवीला तोंड घातलं, पिशवीत आमचा डबा होता. आईने पिशवी वर उचलली आणि तो मनगटाला चावला.

साहेबांनी पाचशे रुपये दिले आणि वॉचमनला सांगितलं, उगाच वाढवू नका. आईने इंजेक्शन पालिकेच्या दवाखान्यात घेतलं, तिथे पैसे लागत नाहीत, पण प्रत्येक फेरीला अर्धा दिवस जातो. उजवं मनगट सुजलेलं, लाटणं धरवेना. दोन घरांनी दुसरी बाई बघितली. आईने तक्रार केली नाही, कारण तक्रार केली असती तर उरलेली दोन घरंही गेली असती, असं ती म्हणते. मला ते पटत नाही, पण घर तिच्या कामावर चालतं.

आता ती चौदा मजले जिन्याने चढते.

वाशी

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचतो आणि लिहितो. सागर विहारला संध्याकाळी पांढरी काठी घेऊन जातो. बांधलेला कुत्रा जवळ आला की साखळीचा आवाज येतो, माणसाच्या पावलांचा येतो, मला अंदाज बांधता येतो. मोकळ्या कुत्र्याची फक्त नखं वाजतात फरशीवर, तीही अगदी जवळ आल्यावर. काठी हलते म्हणून कुत्री ती पकडायला बघतात. एकाने तोंडात धरून ओढत नेली. काठी गेल्यावर मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो, कोणीतरी ती आणून देईपर्यंत. मालक म्हणाला, “त्याला वाटलं तुम्ही खेळताय.”

नेरूळ पुन्हा, पक्षी बघणारा

माणसांच्या धाग्यात पक्ष्यांचं लिहू का कळत नव्हतं, लिहितोच. टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. तिथे त्यांना विसावायचं आणि पोट भरायचं असतं. काही लोक तिथे कुत्री सोडतात, कारण थवा उडतानाचा व्हिडिओ छान येतो. प्रत्येक उड्डाणाला त्या पक्ष्याची ताकद खर्च होते आणि चरण्याची वेळ जाते. कृपा करून हे करू नका.

ठाणे, घोडबंदर रोड

‘काही नाही करत तो’ म्हणणारा मीच होतो, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे गोल्डन रिट्रीव्हर होता. सहा वर्षांत कोणाला चावला नाही. येऊरच्या रस्त्यावर मी त्याला सकाळी सोडायचो. लोक अंग चोरून कडेला व्हायचे, मला वाटायचं, यांना कुत्र्यांची सवय नाही. एका बाईंनी मला थांबवून सांगितलं होतं, इथे बिबट्या येतो, कुत्रं बिबट्याचं खाणं आहे, बांधून ठेवा. खरंच होतं ते. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, आणि तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्री मोठ्या प्रमाणात असतात. मी हसून पुढे गेलो.

बिबट्याने नाही नेला त्याला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्याच सर्व्हिस रोडवर कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. पट्टा माझ्या हातात होता, कुत्र्याच्या गळ्यात नव्हता. तो सरळ घोडबंदर रोडवर धावला. मी हाका मारत होतो. सहा वर्षं प्रत्येक हाकेला आलेला कुत्रा त्या दिवशी आला नाही, त्याला ऐकूच येत नसणार. टँकरवाल्याची काहीच चूक नव्हती.

ताई, तुमच्या बाबांना पाडणारा कुत्रा माझा नव्हता. पण तसं माझ्या कुत्र्याने कधी कोणाच्या बाबतीत केलं असेल आणि मी हसून पुढे गेलो असेन, हे मला नाकारता येत नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

ठाण्यातली प्राण्यांची डॉक्टर

वरच्या दादांसाठी काय लिहावं सुचत नाही. एवढंच सांगते, घाबरलेल्या कुत्र्यापर्यंत कुठलीच हाक पोचत नाही, ती कितीही शिकवलेली असो.

इतरांसाठी काही गोष्टी. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश आहे असं धरून चालू नका, ताठ, उंच धरलेली आणि तुटक हलणारी शेपूट ताण दाखवते. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नका, ओरडू नका, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, मग हळूहळू मागे सरका. पडलातच तर गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी मान-कान झाका. मुलांकडून हे घरी खेळासारखं करून घ्या. नेरूळच्या मुलासारखं पळणं हे अगदी साहजिक आहे आणि नेमकं तेच कुत्र्याला पाठलागाला लावतं.

कुत्र्यांच्या पालकांना: ती पाच मीटरपर्यंत आपोआप लांबणारी, बटण दाबून थांबवायची दोरी गर्दीत वापरू नका, कुत्रा रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत तुमचं बोट बटणावर जात नाही. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी, आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तुमचा कुत्रा कोणाला चावला तर कार्ड दाखवा, पत्ता द्या आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा. मात्र ज्याला चावलाय त्याने ते दहा दिवस वाट बघत बसायचं नाही, लस त्याच दिवशी सुरू करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही.

कोपरी, सोसायटीचा सेक्रेटरी

भांडणं माझ्या टेबलावर येतात, म्हणून. सोसायटी कुत्री पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच तसं कळवलंय. त्याच पत्रकात कुत्रा सार्वजनिक जागेत पट्ट्यावर ठेवा असा सल्लाही आहे, तेवढं पान कोणी वाचत नाही. ऐरोलीच्या ताईंसाठी: भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. प्राण्याबाबत हलगर्जीपणा करून माणसाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आधी दंड संहितेत २८९ होतं. लिफ्टमध्ये कॅमेरा असेल तर चित्रीकरण पुसलं जायच्या आत लेखी मागा. आईंना कोणासमोर उभं राहायचं नसेल तर मला निरोप करा, अर्ज मी लिहून देतो.

धागाकर्ती

रोज रात्री जेवल्यावर बाबांना वाचून दाखवतेय. काल पहिल्यांदा म्हणाले, माझंही लिही. ते बोलले तसंच लिहिते.

“मी पडल्यावर तो कुत्रा थांबला होता. माझा चष्मा हुंगला आणि शेजारी बसला. त्याला कळलं असावं काहीतरी चुकलंय. त्याच्यावर माझा राग नाही. मालक त्याला गळ्याच्या पट्ट्याला धरून ओढत घेऊन गेला, तो मागे वळून बघत होता. मालकाने वळून बघितलं नाही. घोडबंदरच्या मुलाला सांग, नमस्कार पोचला. वाशीचे जे आहेत त्यांना विचार, काठी नवी घेतली का.”

आज सकाळी वॉकर घेऊन गेटपर्यंत आले. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पामेरियन होता. काकूंनी आम्हाला बघितलं आणि पट्टा मनगटाला दोन वेढे घालून भिंतीकडे सरकल्या. बाबा गेटला हात लावून परत फिरले.