‘गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला घरच्यांनी काय उत्तर द्यावं?

प्रश्न
बहिणीला ओसीडी आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो. ईआरपी थेरपी (भीतीला मुद्दाम सामोरं जायचं, पण तपासायचं नाही, असा सराव) नुकतीच सुरू झाली आहे. बाहेर पडताना शेगडीचे नॉब, मग रेग्युलेटर, मग पुन्हा नॉब, असं पंधरा-वीसदा चालतं आणि दर वेळी ‘बंद आहे ना?’ विचारते. ‘हो’ म्हटलं की दोन मिनिटं शांत. उत्तर देणं एकदम बंद करायचं का? आणि सर्ट्रालीन या ओसीडीवरच्या औषधाला चार आठवडे झाले, तरी फरक का नाही?

प्रतिसाद १
तुमचं ‘हो’ हेही तपासणंच आहे, फक्त तुमच्या तोंडून झालेलं. त्याने लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मेंदू पुढच्या वेळीही तेच मागतो. शिवाय तपासून खात्री वाढत नाही. नेदरलँड्समध्ये २००३ साली संगणकावरच्या शेगडीवर हा प्रयोग झाला: पुन्हा पुन्हा तपासणाऱ्यांना नॉब बरोबर आठवत होते, पण आठवणीवरचा विश्वास मात्र उडाला होता. ‘बघितलं, तरी बघितल्यासारखं वाटत नाही’ ते यामुळे.

पण न सांगता तोंड बंद करू नका, तिला ती शिक्षा वाटेल. ती शांत असताना दोघांनी मिळून वाक्य ठरवा: ‘हा प्रश्न ओसीडीचा आहे, उत्तर देणार नाही. तुला त्रास होतोय हे कळतंय, मी इथेच आहे.’ पहिला आठवडा बाहेर पडताना एकदाच उत्तर, मग तेही नाही. मोबाइलवर नॉबचा फोटो काढून नेणं म्हणजे खिशातलं तपासणं, तेही नको.

प्रतिसाद २
ईआरपीच्या सरावाच्या पायऱ्या थेरपिस्टसोबत लावा. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. चहा झाल्यावर नॉब एकदा बंद करून स्वयंपाकघराबाहेर येणं, समजा ३५. दहा मिनिटं खाली जाऊन येणं ५०. सगळ्यांत शेवटी घराबाहेर पडून तासभर परत न येणं ८०. सुरुवात ३५ पासून, रोज तीच पायरी, ती सोपी वाटेपर्यंत.

चुकतं कुठे, तर कुलूप दुसऱ्याने लावलं की जबाबदारी त्याची होते आणि सराव फुकट जातो. मनातल्या मनात नॉब ‘आठवून बघणं’ तर बाहेरून दिसतही नाही. त्याबद्दल तिला मुद्दाम विचारा. मधूनच परत येऊन तपासलं, तर रागवू नका, तीच पायरी लगेच पुन्हा करा. गॅस खरोखर चालू ठेवणं यात कुठेच नाही, आणि एकदा बघणं सगळेच करतात, ते राहू द्या.

प्रतिसाद ३
औषधाबद्दल: चार आठवडे कमीच. ओसीडीत पुरेशा डोसवर ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात आणि डोसही बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो. सर्ट्रालीन २०० मिलिग्रॅमपर्यंत जातं. वाढवणार मात्र सायकायट्रिस्टच. एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. सरावाआधी ‘शांत व्हायला’ अल्प्राझोलाम ही घबराट कमी करणारी गोळी घेऊ नये, नाहीतर निभावल्याचं श्रेय गोळीला जातं. ती आधीपासून रोज चालू असेल, तर हेही डॉक्टरांना विचारूनच. बहिणीने जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्नकर्ता
आणि तिने दहाव्यांदा रडत विचारलं तर?

प्रतिसाद १
वाक्य तेच, आवाज मऊ. जवळ बसा, हात धरा. नॉबबद्दल एक शब्द नाही.