घरी डिझेल इंजिन खोलताय? बोअर आधी मोजा

एका दादांनी लिहिलंय की बोअर (सिलिंडरचं आतलं गोल भोक) चकचकीत दिसला की सरळ पिस्टनच्या नव्या रिंगा टाकून मोकळं व्हावं. अहो, चकचकीत म्हणजेच होनिंगच्या (बोअर घासून मुद्दाम पाडलेल्या बारीक) रेघा झिजल्या! झीज किती ते बघायला बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली लावा, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. मग नवी रिंग बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने थोडी खाली ढकला म्हणजे सरळ बसते, आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधली गॅप बघा. मॅन्युअलपेक्षा कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, बोअर ओरखडला म्हणून समजा.

मेन बेअरिंगच्या (ज्यात क्रँकशाफ्ट फिरतो त्या) कॅपवर खोलण्याआधीच खुणा करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. हेड गॅस्केटचंही (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) तसंच, कुठलीही चालत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूच्या) वर किती येतो त्यावर तिची जाडी ठरते.

आणि आपल्या गोव्यात हे काम पावसाच्या तोंडावर काढू नका, सरळ चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) घ्या. फोंड्याच्या दमट हवेत होन केलेला बोअर रात्रभर कोरडा ठेवलात तर सकाळी तांबूस दिसणार. गरम साबणाच्या पाण्याने घासा, पुसा, लगेच इंजिन ऑइल चोळा. पांढरं फडकं काळं येतंय तोवर पिस्टनला हात लावू नका.