शाळेसाठी मिळालेला पहिला निधी, पहिला पुरस्कार : तुमचे अनुभव

डोंगरवाट :
आज निर्लेखनासाठी, म्हणजे निकामी वस्तू शाळेच्या नोंदीतून काढून टाकायला, डेडस्टॉक रजिस्टर काढलं. जुनं मोडकं सामान यादीवर घ्यायचं होतं. पान उलटता उलटता माझ्याच अक्षरातली नोंद समोर आली. "लोखंडी कपाट १, काचेच्या दारांचे. पुस्तके २१२. देणगी." तारीख जुलै २००९. शेजारी तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही, शाई पसरलेली, कारण त्या दिवशी ऑफिसातही गळत होतं. रजिस्टर मांडीवर घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

शाहूवाडी तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, पट ४१. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत असायची. पावसाळा संपेपर्यंत पानं एकमेकांना चिकटायची आणि पेटी उघडली की कुबट वास यायचा. मी नोकरीत नवी होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, जिथला पत्ता मिळाला तिथं पोस्टानं पत्र टाकलं. चौदा पत्रं. तेरांचं उत्तर नाही. चौदाव्या ठिकाणच्या फाउंड्रीवाल्यांचा थेट फोन आला, "बाई, कपाट किती उंचीचं पाहिजे?"

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या सगळ्यांत बुटक्या मुलीला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटं पोचली तिथं खडूनं रेघ मारली. तेच माप कळवलं. कपाट आलं तेव्हा वरचा कप्पा बरोबर त्या रेघेवर होता.

आता निधीचे रस्ते पुष्कळ झालेत. पण नवी पोरं-पोरी विचारतात, मॅडम अर्ज कुठं करायचा, कसा करायचा, आणि एका जागी सांगणारं कुणी सापडत नाही. म्हणून हा धागा. शाळेला पैसा, वस्तू, पुरस्कार कसा मिळाला ते लिहा. नाही मिळालं तेही लिहा.

बाराखडी :
ती रेघ वाचून डोळ्यांत पाणी आलं ताई. भाकरी तव्यावर आहे, रात्री सविस्तर लिहिते.

सातबारा :
सगळ्यांत आधी हक्काचा पैसा बघा. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. आमचा पट ८८ म्हणजे वर्षाला २५,०००. शंभराच्या वर गेलो की ५०,०००. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. शिवाय प्राथमिकला ग्रंथालयाचे ५,००० आणि क्रीडा साहित्याचे ५,००० वेगळे. रक्कम लहान वाटते, पण लाइट बिल, खडू, नळाची दुरुस्ती सगळं यातूनच निघतं.

अडचण वेळेची. एका वर्षी पैसे २७ मार्चला संध्याकाळी खात्यात दिसले. ३१ च्या आत खर्च दाखवायचा, नाहीतर परत. मधे रविवार. मी आणि समितीचे अध्यक्ष मोटरसायकलवर तालुक्याला गेलो, रंगाच्या दुकानदारानं ओळखीवर डबे उधार दिले. तेव्हापासून जानेवारीतच शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ठेवतो आणि तीन दरपत्रकं फाइलला लावून ठेवतो. पैसा कधी का येईना, कागद तयार असतो.

वेताळटेकडी :
तीन दरपत्रकं!! हे सोनं आहे सर. आमच्याकडे दरवर्षी याच्यावरच अडतं.

मोगरा२२ :
डोंगरवाट ताई तुम्ही शाहूवाडीत कुठं? माझं माहेर मलकापूर. आंब्याचा घाट चढताना जी शाळा दिसते ती का?

डोंगरवाट :
ती नाही हो, आमची आणखी आत. मलकापूरच्या एसटी स्टँडवर किती तास काढलेत त्याची गणतीच नाही. तिथल्या वडापावच्या गाडीवाल्या मावशींनी दोन वर्षं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत, "मास्तरीण बाई" म्हणून.

मोगरा२२ :
अय्या. त्या मावशी मला माहीत आहेत 😊

बोंडू :
इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेबद्दल लिहितो. सहावी ते बारावीच्या मुलांच्या कल्पना शाळेनं ऑनलाइन पाठवायच्या, एका शाळेतून पाच. निवड झाली की १०,००० रुपये थेट त्या मुलाच्या बँक खात्यात, मॉडेल बनवायला आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनाला.

माझी एक आठवीतली मुलगी. तिची आजी काजूच्या हंगामात बोंडूपासून (काजूच्या फळापासून) बी वेगळी करायची, दिवसभर पिळून पिळून बोटं सोलवटलेली, चीक लागून काळी पडलेली. मुलीनं सायकलच्या ब्रेकची तार घेतली, तिचा फास केला, लाकडी मुठीला बसवला. बोंडू फासात घालायचा, ओढायचं, बी खाली. वर्गात दाखवलंन तेव्हा मी फक्त "हे लिहून काढ" एवढंच म्हटलं.

निवड झाली. पण खातं बंद पडलेलं. लहानपणी काढलेलं, केवायसी नाही, आधार जोडलेला नाही. तीन वेळा तिच्या बापाला घेऊन बँकेत गेलो. प्रत्येक खेपेला त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली, तिसऱ्या वेळी ती मी दिली. त्यामुळे आता जूनमध्ये पहिलं काम : सहावीच्या सगळ्या मुलांची पासबुकं मागवतो आणि खातं चालू आहे का बघतो. कल्पना नंतर.

बाराखडी :
आले. भाकऱ्या झाल्या, पोरं झोपली.

मी २०१९ ला राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी अर्ज केला होता. २०१८ पासून आपण स्वतःच अर्ज भरायचा असतो, आधी वरून शिफारस लागायची. मग जिल्हा समिती, राज्य समिती, शेवटी राष्ट्रीय ज्युरी. मी जिल्ह्याच्या पुढे गेले नाही. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

पण अर्ज भरताना जे कळलं ते सांगते. बारा वर्षांचं काम आणि एका फोटोवर तारीख नाही. भाषेचा कोपरा केला, त्याच्या आधी किती मुलांना वाचता येत होतं आणि नंतर किती, हे मला ठाऊक आहे पण लिहून ठेवलेलं कुठंच नाही. आता प्रत्येक उपक्रमाला एक वही. पहिल्या पानावर सुरुवातीची स्थिती, मुलांच्या हातचे नमुने चिकटवलेले. तीच वही पुढे एससीईआरटीच्या (राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेच्या) नवोपक्रम स्पर्धेला कामी आली. अहवाल लिहायला बसले आणि चार दिवसांत झाला.

उंबरठा :
बाराखडी, तुमचं वाचून आईची आठवण आली. ३१ वर्षं शिक्षिका होती. राज्य पुरस्काराचा प्रस्ताव करा म्हणून केंद्रप्रमुख दोनदा घरी आले. "माझ्या कामाचं मीच काय सांगायचं, मुलं सांगतील" म्हणाली. मुलांनी सांगितलंही, ती गेली तेव्हा गल्ली भरली होती माणसांनी. तरी मला वाटतं तिनं अर्ज करायला हवा होता. त्या पुरस्काराला आता सावित्रीमाईंचं नाव आहे. तिला ते फार आवडलं असतं.

बाराखडी :
🙏 तुमच्या आईंना नमस्कार. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका अशाच राहिल्या.

पळसफूल :
गणपती उठेपर्यंत वेळ नाही, नंतर लिहितो. पण वाचतोय सगळं.

हिशोबनीस :
मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. एका कंपनीत सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीचे, अर्ज वाचायचं काम करतो, आठ वर्षं. पाटबंधारे खात्यात वडील, आई बालवाडीत, त्यामुळे शाळेचा अर्ज हातात आला की मनापासून वाचतो. म्हणून सांगतो.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. शिक्षण त्यात बसतं. म्हणजे तुम्ही भीक मागत नाही आहात, हे आधी डोक्यात पक्कं करा. "कृपावंत होऊन" वगैरे लिहू नका.

बरेच अर्ज कुठं अडतात तर संस्थेच्या कागदांवर. ट्रस्टची शाळा असेल तर १२ए, ८०जी (या आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे हे नसतं, आणि बिचारे शिक्षक तिथंच हात टेकतात. टेकू नका. कंपनी स्वतः वस्तू घेऊन देऊ शकते, किंवा नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत काम करू शकते. अर्जातच लिहा, "रोख रक्कम नको, वस्तू द्यावी." आमच्याकडे असे अर्ज लवकर पुढे सरकतात.

अर्ज एक पान. युडायस (शाळेचा सरकारी ओळख) क्रमांक, पट, मुली किती, काय हवं, दरपत्रक, दोन फोटो. आणि देखभाल कोण करणार ते. एकदा अर्ज आला, मुलींच्या स्वच्छतागृहासाठी. सोबत कागदावर पेनानं काढलेला नकाशा होता, विहिरीपासून शाळेपर्यंत किती पावलं. ३१०. मुलींनी मोजलेली. बाई लिहितात, "बांधून द्याल तर पाण्याची पाइपही लागेल, नाहीतर मुलीच पाणी आणतील." तो अर्ज मी स्वतः साहेबांच्या हातात दिला. पाइपसकट मंजूर झाला.

सातबारा :
"पाइपसकट मंजूर." वा. दादा, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक कंपनीत हवा.

वेताळटेकडी :
कोणत्या महिन्यात अर्ज करावा?

हिशोबनीस :
आमच्याकडे वर्षाचं नियोजन एप्रिल-मेमध्ये होतं, म्हणून त्याआधी. जवळच्या कारखान्यात आधी जाऊन भेटा. कंपन्या शक्यतो आसपासच्या गावांना प्राधान्य देतात.

जर्सीतली_मराठी :
इथं न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकवते. इथेही शिक्षक पदरचे पैसे घालतात, इतके की त्यासाठी आयकरात वजावट मिळते. मी डोनर्सचूज वापरलं. ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या शिक्षकानं २००० साली सुरू केलेलं. आपण लिहायचं वर्गाला काय हवं, लोक पाच-दहा डॉलर टाकतात, पैसे पूर्ण जमले की ते लोक वस्तू विकत घेऊन शाळेत पाठवतात. रोख हातात येतच नाही. हिशोबनीस म्हणतात तेच.

मी २४ हेडफोन मागितले होते. दोन आठवडे काही नाही. मग मजकूर बदलला. "तंत्रज्ञान" वगैरे काढून लिहिलं की नव्यानं आलेली एक मुलगी इंग्रजी ऐकताना शेजारच्या आवाजात हरवते आणि टेबलाखाली जाऊन बसते. नऊ दिवसांत जमले. खोकं उघडलं तेव्हा त्या मुलीनं पहिला हेडफोन घेतला आणि टेबलावर बसून ऐकलं, वर बसून.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेला मात्र ही सोय नाही, ती सरकारी शाळा नाही ना. तिथं पालकच.

मोगरा२२ :
"वर बसून" 💛

रात्रपाळी :
एक सावधगिरी. "आपली राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क २,५०० भरा" असे मेसेज येतात. माझ्या बहिणीनं भरले. शाल, फेटा, ट्रॉफी, हॉलमध्ये एका दिवसात दीडशे जणांना वाटप. घरी आली आणि रडली. ज्या पुरस्काराला पैसे भरावे लागतात तो घेऊ नका.

बोंडू :
बरोबर. नव्यांना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

तिठा :
अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायची शाळेतली प्रयोगशाळा, तिच्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्या अनुदानित हायस्कूलला मिळाली. नीती आयोगाची योजना, २०१६ पासूनची. एकूण २० लाख, त्यातले १० उभारणीला, १० पाच वर्षांच्या चालवण्याला. १,५०० चौरस फूट जागा दाखवावी लागली, आम्ही दोन वर्गांतली भिंत काढली.

पुढचा हप्ता मिळायला खर्चाची कागदपत्रं, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं चोख लागतं. आमचं एक ऑडिटचं पान राहिलं आणि बराच काळ पैसे अडले. त्या काळात थ्रीडी प्रिंटरची तार संपली. मुलांनी रद्दी विकून ८०० रुपयांची रीळ आणली. म्हणून सांगतो, निधी मिळाला की त्याच दिवशी हिशेबाला एक माणूस नेमा. आणि लॅबला कुलूप लावू नका. आमची संध्याकाळी सहापर्यंत उघडी असते, शिपाईकाका स्वतः थांबतात, त्यांना आता सोल्डरिंग येतं.

कडुनिंब :
राज्य सरकारची "माझी शाळा सुंदर शाळा" स्पर्धा, २०२४ चा पहिला टप्पा. तालुक्यात पहिल्याला ३ लाख, राज्यात पहिल्याला ५१ लाख. आम्ही तालुक्यात पहिल्या तिनात नाही आलो. पण दीड महिना गावच्या बायका रोज संध्याकाळी भिंती रंगवायला यायच्या. परसबाग तेव्हा केलेली, अजून आहे. काल खिचडीत शाळेचाच शेवगा होता.

उंबरठा :
डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आई होती. परितेवाडी नकाशावर शोधायला लावली मला. दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम बाकीच्या नऊ जणांना वाटली कळल्यावर म्हणाली, "मास्तरच आहे खरा."

वेताळटेकडी :
हिशोबनीस दादा, त्या एका पानाच्या अर्जाचा नमुना मिळेल का? आमच्याकडे ६३ पट, छताचे पत्रे चार फुटलेत.

हिशोबनीस :
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो आज रात्री. फुटलेल्या पत्र्यांचा फोटो आतून काढा, पाऊस चालू असताना. मुलं कुठं सरकून बसतात ते दिसू दे.

डोंगरवाट :
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर देते उद्या. कपाट यादीवर घेतलं नाही. विस्तार अधिकारी आले होते, दाराची एक काच गेलीय आणि खाली गंज आहे म्हणाले. मी त्यांना वरचा कप्पा दाखवला. "रंग मारून घ्या मग," म्हणाले. रंगाला ६०० रुपये लागतील. सातबारा सर, हे संयुक्त अनुदानात बसेल ना?

सातबारा :
बसेल. दुरुस्तीत टाका. पावती पक्की घ्या.