कुंपणापलीकडची शेतं : पॅलेस्टाईनमध्ये गेलेल्या, राहिलेल्या सगळ्यांनी लिहा

मृद्गंध
परवा ३० मार्च झाला. पॅलेस्टिनी लोक हा 'जमीन दिन' म्हणून पाळतात. १९७६ साली गॅलिलीतल्या अरब गावांची जमीन घ्यायचं इस्रायल सरकारने जाहीर केलं, लोकांनी संप पुकारला, त्यात सहा जण मारले गेले. त्याबद्दल वाचताना जय्यूसचं फाटक आठवलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

परदेशात शिकत असताना ऑलिव्हच्या तोडणीला हातभार लावायला ऑक्टोबरात वेस्ट बँकेत, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी भागात गेले होते. जय्यूस कल्किल्याजवळ. गाव टेकडीवर, बागायत खाली सपाटीला. २००२ पासून इस्रायलने जे कुंपण घालायला घेतलं ते इथे गाव आणि शेत यांच्या मधून गेलं. बहुतेक बागायत विहिरींसकट पलीकडे. पलीकडचा पट्टा बंद लष्करी क्षेत्र, म्हणजे स्वतःच्या शेतात जायला परवाना. ट्रॅक्टरला वेगळा.

फाटकावर उजाडायच्या आधीपासून रांग. जीप येते, शिपाई कुलूप काढतात, एकेकाचा कागद बघतात. थोडा वेळ उघडं, की परत कुलूप. एका आजोबांकडे परवाना होता, त्यांच्या मुलाकडे नव्हता. तोडणीची शिडी मुलाच्या खांद्यावर. शिपायाने त्याला अडवलं तेव्हा काही न बोलता त्याने शिडी बापाच्या खांद्यावर दिली, पाण्याची बाटली शर्टाच्या खिशात कोंबली आणि बाजूला झाला. सत्तरी ओलांडलेला माणूस एकटा शिडी घेऊन गेला. आम्हालाही त्या दिवशी सोडलं नाही, गावाच्या अलीकडच्या झाडांवर काम केलं.

त्या भागात गेलेल्या कुणीही लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. एकमेकांच्या अंगावर जाऊ नका एवढीच विनंती.

सुगरण
वाचतेय. कुकर लावलाय, नंतर नीट लिहिते. ऑलिव्ह हाताने तोडतात का गं?

मृद्गंध
हो ताई. खाली ताडपत्री अंथरायची आणि छोट्या फणीने फांदी विंचरायची, फळं टपटप खाली पडतात. उंचावरच्यांना शिडी.

वसईचा मायकल
आम्ही पॅरिशच्या यात्रेत गेलेलो. बेथलेहेमला जाताना तेच कुंपण भिंत होऊन लागतं, आठ मीटर उंच काँक्रीट. आमच्या बसला काही त्रास नाही, पासपोर्ट वर करून दाखवले, झालं. बायबलमधल्या राहेलची कबरसुद्धा भिंतीच्या वेढ्यात गेलीय. आमचा गाईड बेथलेहेमशेजारच्या बेत जालाचा ख्रिस्ती माणूस. तो म्हणाला, तुम्ही वसईहून येऊन जेरुसलेमच्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये गुडघे टेकून आलात, माझं घर दहा किलोमीटरवर आणि मला इस्टरला जायचं तर परवाना मागावा लागतो. बसमध्ये कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

त्याच्याकडून क्रेमिझान खोऱ्याबद्दल ऐकलं. मठ आहे, द्राक्षं, ऑलिव्ह. तिथल्या ५८ कुटुंबांच्या जमिनी भिंतीच्या वाटेत आल्या. तिथले फादर दर शुक्रवारी ऑलिव्हच्या झाडांखाली मिस्सा करायचे, निषेध म्हणून. कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. तरी ऑगस्ट २०१५ मध्ये झाडं उपटायला बुलडोझर आलेच.

रेवदंड्याची लेक
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला आले. दुसरी बाजू लिहिते, राग मानू नका. मार्च २००२, इथल्या नेतान्या शहरातलं पार्क हॉटेल, पेसाख या आमच्या सणाचं जेवण चालू असताना स्फोट. तीस माणसं गेली. त्या वर्षी मुलं बसने शाळेत निघाली की ती पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा. भिंत उभी राहायला लागली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण माझ्या दिराचा मुलगा सैन्यात असताना अशाच एका शेतीच्या फाटकावर होता. सुट्टीला आला की जेवायचा नाही धड. म्हणायचा, काकू, किल्ली माझ्याकडे आणि समोर उभा माणूस माझ्या आजोबांच्या वयाचा, शेत त्याचं. हे त्याने आईला नाही सांगितलं, मला सांगितलं.

वकील, सातारा
ताई, बरं केलंत लिहिलंत. नेतान्याच्या माणसांचं दुःख कुणी नाकारू नये. माझं म्हणणं फक्त भिंतीच्या वाटेबद्दल. १९४९ ची हरित रेषा, म्हणजे इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधली युद्धबंदीची रेषा, सुमारे ३२० किलोमीटर. भिंतीचा आखलेला मार्ग ७०० च्या वर, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के वेस्ट बँकेच्या आत. वेस्ट बँकेत वसवलेल्या इस्रायली वसाहती अलीकडे घ्यायच्या म्हणून ती आत वळते. ९ जुलै २००४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं, चौदा विरुद्ध एक, की व्याप्त भागातली भिंत बेकायदा आहे, पाडा आणि नुकसानभरपाई द्या. भिंत आहे तिथेच आहे.

रेवदंड्याची लेक
रेषेवर बांधली असती तर बरं झालं असतं, हे माझे यजमानही म्हणतात.

भाऊसाहेब
एक विचारू का, तिकडे सातबारा असतो का? जमीन कुणाच्या नावावर हे ठरतं कसं?

वकील, सातारा
तिथेच मेख आहे भाऊसाहेब. जॉर्डनच्या काळात जमिनीची नोंदणी चालू होती, साधारण एक तृतीयांश भाग झाला होता. १९६७ मध्ये इस्रायलने ताबा घेतला आणि १९६८ मध्ये लष्करी हुकूम काढून नोंदणी थांबवली. म्हणजे बहुतेकांकडे पक्का उतारा नाहीच, जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्या. त्यात १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा अजून वापरतात. सलग तीन वर्षं कसली नाही तर जमीन सरकारजमा करता येते. १९७९ मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात खासगी जमीन लष्करी कारणासाठी घेऊन वसाहत करायला कोर्टाने मनाई केली, त्यानंतर 'सरकारी जमीन' जाहीर करण्याची वाट जास्त वापरली गेली.

आता वर फाटकाचं वाचलंत ना, ते याला जोडून बघा. कसू द्यायची नाही आणि मग म्हणायचं कसत नाहीत. तिथल्या शेतकऱ्यांना भीती आहे ती याचीच.

आणि परवान्याचं: २०१७ मध्ये असा नियम आला की वाट्याला ३३० चौरस मीटरपेक्षा कमी जमीन येत असेल तर तेवढ्यासाठी शेतीची गरजच नाही असं धरायचं. त्यावरून शेतकऱ्याचा परवाना नाकारायचे.

भाऊसाहेब
३३० म्हणजे सव्वातीन गुंठे. अहो, आमच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची पोरं मिळून नावांची रांग लागलीय. त्या हिशोबाने आमच्यातल्या निम्म्यांना बांधावर पाय ठेवता यायचा नाही. पिढ्या वाढल्या की वाटे लहान होणारच, तो काय शेतकऱ्याचा गुन्हा आहे का! वाचून डोकं फिरलं.

सुगरण
आले. माझा अनुभव नाही, पण माहेरची जमीन उजनीत गेली. आजी जन्मभर म्हणायची, पाण्याखाली गेली म्हणून मन आवरलं. पाणी उतरलं की जुना बांध दिसायचा तेवढे दिवस ती तिकडे फिरकायची नाही. रोज डोळ्यांसमोर आपली झाडं आणि मधे तार, हे तिला झेपलं नसतं. मला त्या शिडीवाल्या पोराचंच जास्त वाईट वाटलं.

कफार सबाहून
मी इथे इस्रायलमध्ये कफार सबाला केअरगिव्हर आहे, मूळ गाव गडहिंग्लज. ड्यूटी संपल्यावर लिहितेय, चुका असतील. कल्किल्या आमच्यापासून इतकं जवळ की पहाटेची बांग ऐकू येते. ६ नंबरच्या हायवेने जाताना भिंत फार उंच वाटत नाही कारण या बाजूने मातीचा भराव घालून झाडं लावलीत. माझ्या आजीबाई (ज्यांना मी सांभाळते) सांगतात, पूर्वी शनिवारी सगळे कल्किल्याला बाजाराला जायचे. पेरू तिथले. अजून नाव काढतात त्या पेरूंचं. आता त्या शहराला जवळजवळ चहूबाजूंनी भिंत आहे.

आत्या
माझा भाचा तिकडे आहे. २०२४ मध्ये पुण्यात इस्रायलच्या बांधकामांसाठी भरती झाली त्यात गेला, बारबेंडिंगला, म्हणजे सळया वाकवायच्या कामाला. महिना लाखाच्या वर सांगितले होते. इथे त्याला त्याच्या निम्मेही मिळत नव्हते, बहिणीचं लग्न काढायचं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले म्हणून आपल्या पोरांना नेलं, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं. फोनवर म्हणाला, आत्या, ज्या माणसाची जागा मी घेतली त्याची शेतीही गेली असेल आणि मजुरीपण. त्याला काय उत्तर देऊ? परत ये म्हणवत नाही.

वसईचा मायकल
आत्या, त्याला दोष नाही. पोटासाठी गेलाय. इतका विचार करतो म्हणजे पोरगं चांगलं आहे.

पायपीट
बिलीनला एका शुक्रवारी होतो. रामल्लाच्या पश्चिमेचं गाव, २००५ पासून दर आठवड्याला मोर्चा. इस्रायली तरुण-तरुणीही यायचे, गावकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून. अश्रुधूर सुटला की बायका कापलेला कांदा हातात द्यायच्या. सप्टेंबर २००७ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वाट बदला. प्रत्यक्षात कुंपण हललं २०११ मध्ये. गेलेल्यातली काही जमीन परत मिळाली, सगळी नाही. अश्रुधुराच्या रिकाम्या नळकांड्यांत त्यांनी फुलझाडं लावली होती.

बत्तीरलाही गेलो होतो. डोंगरउतारावर दगडी ताली, रोमन काळापासूनचे पाट. पाणी आठ घराण्यांत वाटलेलं, म्हणून त्यांचा पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा! वांगी तिथली नावाजलेली. भिंत या तालींतून जाणार होती. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं आणि २०१५ च्या जानेवारीत कोर्टाने ते काम थांबवलं. त्या खटल्यात इस्रायलच्या निसर्ग आणि उद्यान खात्यानेही भिंतीविरुद्ध मत दिलं होतं.

पांझराकाठी
आठ दिवसांचा आठवडा वाचून थांबलोच. आमच्याकडे फड पद्धतीत, म्हणजे नदीचं पाणी पाटाने वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत, पाण्याच्या पाळ्या अशाच लागतात, पाटकऱ्याचा शब्द शेवटचा. बत्तीरला पाळी कशी मोजतात?

पायपीट
जुन्या पद्धतीत टाक्यात खुणा केलेली काठी बुडवून. पाणी किती उतरलं त्यावर पाळी. फडाबद्दल वेगळा धागा काढा ना, वाचायला आवडेल.

मृद्गंध
सगळ्यांचे आभार. बऱ्याच जणांनी विचारलं की आता जाता येतं का. ऑक्टोबर २०२३ नंतर कुंपणापलीकडच्या शेतांची बहुतेक फाटकं बंद झाली, ती पण ऐन तोडणीच्या दिवसांत. त्या वर्षी कितीतरी फळं झाडावरच गेली. तण माजलं की आगीची भीती, आणि वकीलसाहेबांनी लिहिलंय ती तीन वर्षांची टांगती तलवार. त्यामुळे तिथल्या लोकांसाठी तोडणीला जाणं हे तेलाच्या डब्यापुरतं उरलेलं नाही.

कफार सबाहून
आत्या, भाचा कुठल्या शहरात आहे? पासपोर्ट स्वतःजवळ ठेव म्हणावं, मालकाकडे द्यायचा नाही. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागून घ्यायची. सायरन वाजला तर साइटवर आसरा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारायचं. मला मेसेज करायला सांगा.

आत्या
आजच सांगते गं बाई. पासपोर्टचं मला माहीतच नव्हतं.