मदत हवी आहे : आमची गाडी कॅरॅव्हॅन ओढेल का?

मंडळी, बोरिवलीत राहतो. दर मे महिन्यात कोकण, म्हणून छोटी जुनी कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे एक ट्रेलरच) बघतोय. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरची वजनमर्यादा वेगळी, बिनब्रेकवाल्याची बरीच कमी. विकणारा म्हणतो, "900 किलोच आहे, आरामात ओढेल." अहो, पण ते रिकामं वजन! 80 लिटरची पाण्याची टाकी भरली की 80 किलो तिथेच वाढले. सिलिंडर, गाद्या आणि आईचे फणसपोळीचे डबे वेगळेच. परशुराम घाट उतरताना मागून रेटा आला तर? (बायकोने हे आधीच विचारलंय.) ट्रेलर जोडायच्या हुकवर किती भार ठेवता? 1988च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. मुंबईत आरटीओकडून कुणी करून घेतलीय का? कागद काय काय मागितले?